माउस ज्याचा, त्याच्याच हाती

वडूजमध्ये संगणक शिकवणाऱ्यांची वाण नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्याला निघाले. खटाव तालुक्याच्या गावागावांतली मुलं त्या निमित्तानं वडूजला येऊ लागली. तालुक्याचं ठिकाण म्हटल्यावर सेतू आहे, ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकानं आहेत, झेरॉक्सवाले आहेत. तरी निवृत्त गुरुजी, माजी सैनिक, बचत गटाचा हिशेब ठेवणारी सचिव, मुलानं मुंबईहून पाठवलेला लॅपटॉप कपाटात जपून ठेवणारी आई, या सगळ्यांचा प्रश्न जागच्या जागी आहे. अडलं तर विचारायचं कुणाला? दुकानात रांग असते. मुलगा ड्यूटीवर असतो. नातू घरात असला तर फोन आजोबांच्या हातातून घेतो, अंगठा भराभरा फिरवतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. काम होतं, पण आजोबांना काही येत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच विनवणी पुन्हा.

यावर उपाय म्हणून आणखी एक वर्ग काढू नये. कट्टा सुरू करावा. ओळखीची आठ-दहा माणसं ठरल्या दिवशी जमतात, आपापली यंत्रं घेऊन येतात, चहा घेतात, एकमेकांचं अडलेलं सोडवतात. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, फी नाही. जगात याची सुरुवात अशीच झाली. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. स्टीव्ह वॉझनियाकनं आपला पहिला ॲपल संगणक याच मंडळींसमोर मांडला. आपल्याकडे पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट असाच स्वेच्छेनं जमत आला आहे. पण ही सगळी तंत्रज्ञ मंडळी. वडूजच्या कट्ट्याला जवळचा दाखला हवा असेल तर तो आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यात संगणकाचा संबंधच नाही.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावात ज्याला लिहिता-वाचता येतं त्यानं न येणाऱ्याला शिकवायचं, पगार घ्यायचा नाही. शिक्षक आणि विद्यार्थी संध्याकाळी देवळात, चावडीत कंदिलाच्या उजेडात बसायचे. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, आणि तो सणासारखा साजरा व्हायचा. पुढे ही मोहीम राज्यभर नेली. त्या वेळी ज्या आजीनं पाटीवर आपलं नाव गिरवलं, तिला शिकवणारा कुणी भाषातज्ज्ञ नव्हता. शेजारच्या घरातला, नुकतीच चौथी पास झालेला पोरगासुद्धा असू शकायचा. म्हणून कट्ट्यावर मदतीला बसवायला ‘कॉम्प्युटरमधला’ माणूस शोधत फिरू नका. ज्याला गेल्या वर्षी काही येत नव्हतं आणि आता येतं, तो सगळ्यांत चांगला मदतनीस. कुठे पाय अडखळतो हे त्याच्या ताजं लक्षात असतं.

जागा आणि वेळ आधी ठरवा, बाकीचं मागाहून. वाचनालय सगळ्यांत उत्तम, कारण तिथं कुणाच्या दारात गेल्यासारखं वाटत नाही आणि बायकांनाही यायला अवघड जात नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेची संगणक खोली मिळाली तर फारच छान, पण मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या आणि किल्लीची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. कुणाच्या घरी भरवणं मी टाळेन. घरच्या माणसांवर ताण येतो, आणि त्या घराशी ज्यांचं जमत नाही ती माणसं फिरकत नाहीत. वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांना यायचं असेल तर आठवडे बाजाराचा दिवस धरा. ते तसेही वडूजला आलेले असतात. बाजार उरकल्यावर, परतीच्या एसटीच्या आत कट्टा संपला पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. आठवड्याला ठेवलं की महिनाभरात उत्साह आटतो, आणि महिन्याला ठेवलं तर माणूस शिकलेलं विसरून येतो.

सामान जेमतेम लागतं. एक चालू संगणक, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, एकाच्या फोनचं हॉटस्पॉट, जाड पुठ्ठ्याची एक वही आणि चहाचा थर्मास. लाइट गेली तर काम अडू नये म्हणून निदान एक लॅपटॉप असावा. खर्च चहाचा आणि डेटाचा, तो वर्गणीतून निघतो. नोंदणी, लेटरहेड, अध्यक्ष-उपाध्यक्ष यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. पदं आली की माणसं कामापेक्षा पदाकडे बघायला लागतात. पुढे देणगी घ्यायची किंवा संगणक विकत घ्यायचे ठरलं तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करता येते, त्याला किमान सात सभासद लागतात.

आता मुख्य गोष्ट. कट्ट्याचा नियम एकच, आणि तो सैल करायचा नाही: माउस ज्याचा, त्याच्याच हाती राहील. फोनचंही तेच. मदत करणाऱ्यानं बाजूला बसायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं सांगायचं, पण यंत्राला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पाळायला फार कठीण. समोरचा माणूस बाण शोधत पडदाभर फिरत असतो, आपल्याला बटण दिसत असतं, हात शिवशिवतो. तेव्हा हात पाठीमागे बांधून बसावं. ‘तात्या, वर उजव्या कोपऱ्यात बघा, तीन ठिपके दिसतात का? तुम्हीच दाबा.’ एवढंच बोलावं आणि थांबावं. तात्या चुकीचं दाबतील. दाबू द्या. मागे कसं यायचं हे त्यांना त्याच चुकीतून कळेल, आणि ‘काही बिघडलं तर?’ ही भीती जाईल. वयस्क माणसाला संगणक अवघड वाटतो त्यात भीतीचा वाटा अर्ध्याहून जास्त असतो असं माझं ठाम मत आहे. काम झालं की तेच काम पुन्हा पहिल्यापासून करायला लावा आणि पायऱ्या त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अक्षरात वहीत उतरवून घ्या. ‘हिरव्या चौकोनावर टिचकी, मग खालची पहिली ओळ’ असं त्यांनी लिहिलं तर तेच बरोबर. छापील पुस्तिकेतली भाषा घरी गेल्यावर कामाला येत नाही.

चहा आधी घ्यावा की नंतर, हाही प्रश्न लहान नाही. आधी घ्यावा. आल्याआल्या यंत्र उघडून बसलं की ज्याला प्रश्न विचारायची लाज वाटते तो गप्पच बसतो. चहाच्या वेळी पावसाचं, कांद्याच्या भावाचं, गलाईवर गेलेल्या मुलाचं बोलणं निघतं आणि त्यातूनच खरा प्रश्न बाहेर येतो. आपल्या खटाव, खानापूर, आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईची माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात पसरली आहेत. एखादी आक्का म्हणते, ‘पोरगं तिकडं तमिळ मुलखात आहे, व्हिडिओ लावला की त्याला मी दिसते, मला तो दिसत नाही.’ हे तिनं वर्गात कधीच विचारलं नसतं. बोलता बोलता विचारलं. दोन-चार मिनिटांत बघून होतं, आणि त्या दिवसापासून ती कट्ट्याची पक्की सभासद होते.

कट्ट्याच्या वहीत प्रत्येक बैठकीत आलेली अडचण आणि तिचा उपाय लिहून ठेवा. नाव, नंबर, पासवर्ड यांतलं काहीही वहीत येता कामा नये. चार-सहा बैठकांनंतर ही वही चाळली की कुठला प्रश्न वारंवार येतो ते दिसतं, आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून काय शिकायचं ते आपोआप ठरतं. वरून विषय लादू नका. याचा धडा आपल्या शेजारीच मिळालेला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी वारणेच्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं झाली, शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना असं बरंच काही देण्याचा बेत होता. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या कामासाठी होत राहिला: नोंद, तोड, वजन, बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. शेतकऱ्यानं यंत्राकडून काय हवं ते स्वतः ठरवलं होतं. कट्ट्यानंही तिथूनच सुरुवात करावी.

नेहमी येणाऱ्या अडचणींपैकी एक जरा जवळून बघू, कारण ती बऱ्याच घरांत असते. पाच-सात वर्षं जुना संगणक. चालू होतो, पण कुठलीही साइट उघडली की ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. घरच्यांना वाटतं व्हायरस शिरला. कुणी फॉरमॅट मारायला सांगतं, कुणी नवीन घ्या म्हणतं. अशा वेळी यंत्राला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कुठली दिसते? बहुतेक वेळा तिथं कित्येक वर्षांपूर्वीची तारीख असते. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की दर वेळी तारीख मागे जाते, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला लागूच होत नाही म्हणून ब्राउझर दार बंद करतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढून, दोन मिनिटं थांबून, कॅबिनेटचं झाकण उघडायचं आणि सेल बदलायचा. झाकण उघडलंच आहे तर रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ झाडून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसतो, यंत्र तापतं आणि मधूनच बंद पडतं. मात्र पॉवर सप्लायचा डबा कट्ट्यावर कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो. ते काम मेकॅनिकचंच.

जुन्या यंत्रांबद्दल आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबला, आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून यंत्र भंगारात घालू नये. त्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवली तर पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, इंटरनेट बघणं एवढ्यासाठी ते आरामात चालतं. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आवडलं तर मगच बसवा, आणि त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. चोरीचं विंडोज कट्ट्यावर कुणालाही बसवून देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. अशा प्रतीसोबत आणखी काय येतं याची कुणीच हमी देऊ शकत नाही.

मराठी टायपिंगसाठी एक संपूर्ण बैठक राखून ठेवा. मंडळाचा अहवाल किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला असतो, दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण तो फाँट तिथं नसतो. युनिकोडमध्ये लिहिलं तर असं होत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घातली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. सुरुवात गावाच्या नावानं करा: इंग्रजी बी, उघडणारा चौकोनी कंस, टी, पी. चार कळा दाबल्या की पडद्यावर ‘वडूज’ उमटतं. मग कऱ्हाड लिहून बघा, कारण त्यातला तो अर्धा र भल्याभल्यांना सापडत नाही: के, शिफ्ट धरून जे, डी, यू, ई आणि पुन्हा तोच चौकोनी कंस. फोनवर बोलून टायपिंग करता येतं हे खरं, आणि ज्यांची बोटं थरथरतात त्यांना ते जरूर दाखवा. पण ज्याला लांब लिहायचं आहे त्यानं इन्स्क्रिप्ट शिकावंच.

टायपिंग हातात बसलं की त्याला काम द्या. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया सुरू आहे, त्यात आपल्या गावांविषयी कितीतरी लिहायचं राहिलं आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चात परशुराम घार्गे यांच्यासह माणसं गोळीबारात हुतात्मा झाली. त्याविषयी पुस्तकात, स्मरणिकेत जे छापलं गेलं आहे ते आधार देऊन नोंदवणं, येरळाकाठचे आणि जुन्या वाड्यांचे फोटो काढून वर चढवणं, घरातल्या थोरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणं, ही कामं कट्ट्याला शोभतील. आठवणी आणि छापील आधार यांची सरमिसळ मात्र करू नका. विकिपीडियावर आधार लागतो, आठवणी आपल्या संग्रहात राहतात.

पैशाच्या व्यवहारात कट्ट्यानं फार जपून राहावं. कुणी पिन किंवा पासवर्ड टाकत असेल तर शेजारच्यानं मान फिरवायची, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलं पाहिजे. ‘तूच टाक रे बाबा’ असं म्हणून कुणी पिन सांगायला लागलं तर ऐकू नका, थांबवा. विश्वास असला तरी थांबवा. उद्या खात्यात काही घोळ झाला तर संशय नको त्या माणसावर जातो आणि कट्टा मोडतो. सामायिक संगणकावर आधार उतरवून घेतलं असेल तर काम झाल्यावर ती फाइल काढा, रीसायकल बिनही रिकामी करा. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही तो ओळखता येईल.

फसवणुकीच्या प्रकारांवर प्रत्येक बैठकीत पाच मिनिटं बोला. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो पैसे काढून घेतो आहे. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, किसान योजनेची यादी अशा नावानं व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका किंवा यादी नसून ॲप आहे, उघडायची नाही. पोलीस किंवा सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा भामटाच असतो, कायद्यात असा प्रकार नाही. आणि एवढं करूनही कुणी फसलंच तर रागावू नका, ‘तुम्हाला सांगितलं होतं’ हेही नको. लगेच १९३० ला फोन लावायला बसवा, मग बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. लोक लाजेपायी दोन-दोन दिवस घरातही सांगत नाहीत, आणि तोवर पैसे हाताबाहेर जातात. आपल्या माणसांत सांगायची सोय आहे, एवढ्यासाठी तरी कट्टा हवाच.

बायकांचा कट्टा वेगळा करावा का, असं विचारतील. मला वाटतं सुरुवातीला करावा. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं, तिथं वाणासोबत अर्धा तास फोन घेऊन बसता येतं. भिशीच्या दिवशीही जमतं. एकदा सवय झाली की त्या आपणहून मोठ्या कट्ट्यावर येतात. आणि वर्षातून दोनदा तरी यंत्रं बाजूला ठेवून नुसतं जमा. कोजागिरीला मसाला दूध, थंडीत कुणाच्या तरी रानात ज्वारीचा हुरडा. दिवाळीला, यात्रेला गलाईवरची, मुंबईची, फौजेतली पोरं घरी येतात. त्यांना बोलवा. आई-वडिलांना फोन घेऊन देणं आणि तो वापरायला शिकवणं यांत अंतर असतं, हे त्यांना डोळ्यांनी बघू द्या.

कट्टा गणपतीनंतर सुरू केलात तर पहिलं मोठं काम समोरच उभं असेल. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून जीवन प्रमाण योजनेत तो डिजिटल देता येतो, आणि आता अंगठ्याऐवजी चेहरा दाखवूनही. रानात राबून किंवा वयानं ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांची यानं मोठी सोय झाली. फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप अधिकृत प्ले स्टोअरवरूनच घ्यावीत. कट्ट्यातल्या एका मदतनीसानं स्वतःच्या आधारनं एकदा नोंद केली की त्याच फोनवरून अनेकांचे दाखले काढता येतात, म्हणजे बरा कॅमेरा असलेला एकच फोन पुरतो. ज्याचा दाखला त्यानं आपला आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खातं आणि ओटीपी येणारा मोबाइल आणायचा. वेतन मंजूर करणारं कार्यालय कुठलं आणि देणारं कुठलं हे दोन रकाने जुन्या कागदावरून बघूनच भरा. इथं चुकलं तर दाखला नाकारला जातो. उजेड चेहऱ्यावर यावा, पाठीमागून नको. चष्मा काढावा, सांगितल्यावर पापणी मिटून उघडावी. शेवटी येणारा प्रमाण क्रमांक त्यांच्या वहीत लिहून द्या. संरक्षण खात्याचं निवृत्तिवेतन ‘स्पर्श’वर असतं, तिथली माहिती माजी सैनिकांनी वेगळी तपासावी, आणि त्यांच्यातल्याच एकाला ती जबाबदारी द्यावी. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा त्यांचं आधी उरका. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे दोघांनी फोन घेऊन जा, आणि पीपीओची प्रत शोधून ठेवायचा निरोप आदल्या दिवशीच पाठवा, कारण ती ट्रंकेच्या तळाशी असते आणि शोधायला वेळ लागतो.